आमच्या माटोळीची दुदी

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. परवा नातवाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि जुनं सगळं वर आलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे गावी २०२३ साली एका माणसाने परसात वाढवलेला भोपळा काट्यावर चढवला. वजन भरलं १,२४७ किलो! क्रेनने उचलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मालक लहान मुलासारखा उड्या मारत होता. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही सांगता ती पणजोबांची दुदी केवढी होती?"

मी म्हटलं, "२७ किलो."

तो हसायला लागला. हिशेब केला तर बाबांच्या ४६ दुद्या एका पारड्यात घालाव्या लागतील. हसणं साहजिकच आहे. पण त्या २७ किलोंनी आमच्या घरात जे केलं ते त्या १,२४७ किलोंनी कुणाच्या घरात केलं नसेल. म्हणून आज ती हकिगत लिहितो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. गोव्यात आम्ही दुदी म्हणतो तो तुमचा लाल भोपळा. तुमच्या दुधी भोपळ्याला आमच्याकडे कोंकण दुदी म्हणतात. माझी सौ. कोल्हापूरची. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला आजीने तिला बाजारातून "बरीशी दुदी" आणायला सांगितली, आणि ती बिचारी हातभर लांबीचा हिरवा दुधी घेऊन आली. त्या वर्षी माटोळीला तोही बांधला. आजी म्हणाली, सुनेने आणलंय, देवाला चालतं.

आता माटोळी. गणपतीच्या मूर्तीच्या वर छताला लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला त्या ऋतूतली फळं, भाज्या, रानातले तुरे, शेंगा बांधतात. नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, तवशीं, कुवाळो म्हणजे कोहळा, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, निरफणस, घोसाळी, पडवळ, कांगले, शेरवडाची पांढरी पानं. बांधायला सुतळी वापरत नाहीत. केवणीच्या सालीचे दोर काढतात. महाराष्ट्रात मखर आणि आरास असते, आमच्याकडे देवाच्या डोक्यावर अख्खा पावसाळा टांगलेला असतो. आणि या सगळ्यात वजनाने भारी कोण? दुदी.

लहानपणी मला वाटायचं की माटोळीतलं सगळं काही पुराणकाळापासून चालत आलंय. पुढे वाचनात आलं की कोहळा, काकडी, पडवळ, दोडका ही मंडळी आपल्या बाजूची जुनी. पण लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतर तो जगभर फिरला, आणि मिरची, काजू, अननस, पपई यांच्यासारखाच पोर्तुगीजांच्या जहाजी व्यापारातून आपल्याकडे पोचला असं मानलं जातं.

आता गंमत बघा. त्याच पोर्तुगीज राजवटीत १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. त्याच सुमाराला तिसवाडी, बारदेस, साष्टी या भागांतली देवळं मोडली गेली. लोक रातोरात देव घेऊन जुवारी नदीपलीकडे आले, कारण अलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आमचा फोंडा, तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. कुशस्थळीचा मंगेश मंगेशीला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. आमच्या बांदोड्याचा नागेश मूळचाच इथला, पण शेजारी महालक्ष्मी, रामनाथ असे सोबती त्याला लाभले. जुन्या काबिजादीतल्या काही घरांत मूर्तीऐवजी कागदावरच्या चित्राचा किंवा पत्रीचा गणपती आजही पुजतात, तो त्या लपवाछपवीच्या काळापासून, असं घरोघरी सांगतात. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ साली, डिचोली १७८१च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली. ही नवी काबिजाद. तोवर त्यांचा धर्माचा जोर ओसरला होता, म्हणून इकडची देवळं राहिली.

म्हणजे ज्यांच्या भीतीने देव नदी ओलांडून आले, त्यांच्याच जहाजांवरून आलेलं फळ त्या देवाच्या डोक्यावर बसलं. आजीला मी हे एकदा मोठ्या शहाणपणाने सांगितलं. ती म्हणाली, "बी खंयचें जावं, माती आमची मरे!" विषय संपला.

आमच्या वाड्यावर स्पर्धा कुणी जाहीर केलेली नसे. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. पण चतुर्थीच्या संध्याकाळी बायाबापडी घरोघर गणपती बघायला जात तेव्हा हात जोडून झाले की नजर पहिली वर जायची. "त्यांच्याकडे यंदा दुदी केवढी!" एवढं वाक्य वाड्यावरून फिरलं की झालं. वर्षभराची इभ्रत.

आणि त्या दुदीमागे मेहनत काय असायची! आजीचं बियाणं राखेत घोळवून, सुक्या कोंकण दुदीच्या पोकळ भांड्यात घालून, चुलीवरच्या माळ्याला टांगलेलं असायचं. धुराने कीड लागत नाही. बाकीचे लोक मृगाच्या पावसावर पेरत. आजी मे महिन्याच्या सुरवातीलाच परसातल्या जुन्या उकिरड्यावर आळं करायची आणि विहिरीचं पाणी घालून वेल वाढवायची. यामागे हिशेब होता. आमच्याकडे पावसाळ्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जुलैत एकदा झड लागली की फुलातला पराग धुऊन जातो आणि मधमाश्या बाहेर पडत नाहीत. पाऊस टिपेला पोचायच्या आत फळ धरलेलं हवं.

दुदीच्या वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या खाली बोराएवढं इवलं फळ आधीपासून असतं. फूल पहाटे उमलतं आणि दहा वाजेतो मिटायला लागतं. तेवढ्या वेळात पराग पोचला तर फळ धरतं, नाही तर चार दिवसांत पिवळं पडून कुजतं. जूनच्या भिजक्या सकाळी बाबा एका हाताने छत्री धरून, दुसऱ्या हाताने नर फुलाच्या पाकळ्या सोलून, मधला तुरा मादी फुलात अलगद फिरवत. मग वर अळवाचं पान झाकायचं. आम्ही पोरं कडेला उभी. कुणी बोट केलं की आजी ओरडायची, "बोट दाखय नाका रे, कुसतली!" कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं तर ते कुजतं हा समज तुमच्याकडेही आहेच. खरं कारण पराग न पोचणं, पण त्या समजुतीमुळे पोरं वेलात पाय घालत नसत हेही खरं.

फळ धरलं की वेलावर एकच ठेवायचं, बाकीची मन घट्ट करून खुडायची. वेल पसरेल तशी पेरापेरांवर माती ओढायची, म्हणजे प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि फळाला चारी बाजूंनी अन्न मिळतं. फळाखाली भाताचा पेंढा, त्याखाली बांबूच्या कामट्या, नाही तर ओल्या जमिनीला टेकून बूड सडतं. फळमाशी डंख मारते म्हणून जुन्या पंचाचा अंगरखा. रात्री साळिंदराची धास्ती, दिवसा माकडांची. शेणखत, राख, पेंडीचं पाणी हे रोजचं. एकदा बाबांनी आजीच्या चोरून सुक्या बांगड्यांचा कूट आळ्यात पुरला. माडाला घालतात, दुदीला का नको? दुसऱ्या दिवशी वाड्यावरची सगळी मांजरं परसात. आजीने आठ दिवस अबोला धरला. देवाच्या दुदीला मासळी!

तिकडचे लोकही याच वाटेने गेलेत. कॅनडातल्या ओन्टारिओच्या विल्यम वॉर्नॉकने १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंडांचा भोपळा नेला. १९०४ साली सेंट लुईसला त्याने ४०३ पौंड केले आणि तो विक्रम ७० वर्षांहून अधिक टिकला. मग नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने बी निवडत निवडत 'अटलांटिक जायंट' वाण तयार केला आणि १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं जगज्जेतेपद मिळवलं. २०१२ साली एक अमेरिकन भोपळा २,००० पौंडांपलीकडे गेला. त्यांची जात वेगळी, आपली वेगळी, आपली दुदी त्या मापाची होणारच नाही. पण एका वेलावर एकच फळ ठेवणं, हाताने पराग घालणं, पेरं पुरणं, खाली कोरडं अंथरणं, हे सगळं आजीसारखंच. आणि एक गोष्ट अगदी सारखी: सगळा खेळ बियाण्यात.

इथूनच आमच्या घरची गोष्ट सुरू होते.

अधिक मास आला की चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लांबते आणि दुदीला दोन-तीन आठवडे जास्तीचे मिळतात. साधारण १९ वर्षांनी तोच अधिक मास फिरून येतो. १९६६ साली अधिक श्रावण होता. मी ११ वर्षांचा. घरात बाबा आणि काका असे दोन भाऊ, एक गणपती, एक माटोळी, पण दुद्या दोन. डावा कोपरा बाबांचा, उजवा काकांचा. बियाणं आजीचं एकच. त्या वर्षी बाबांची १९ किलो भरली आणि काकांची १७. फोंडा बाजारातल्या सुपारीच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता, तिथे नेऊन तोललेली. हसतखेळत चालायचं.

पण ते वर्ष साधं नव्हतं. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि लगेच प्रश्न उभा राहिला की महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. बाबा मराठी शाळेत मास्तर, विलीनीकरणवादी, भाऊसाहेब बांदोडकरांचे भक्त. काका पणजीला कचेरीत, त्यांचं मत वेगळ्या गोव्याचं. दोघेही पेपर मराठी वाचायचे, भांडण मात्र कोंकणीत चालायचं. डिसेंबर १९६६मध्ये भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि १६ जानेवारी १९६७ ही सार्वमताची तारीख ठरली. निशाणी कोणत्या? विलीनीकरणाला फूल, वेगळ्या राज्यकारभाराला दोन पानं. त्या दिवसांत भिंती फुलांनी आणि पानांनी भरून गेल्या होत्या.

एका रात्री जेवताना शब्दाला शब्द वाढला. बाबा काकांना बोलू नये ते बोलले, काकांनीही परत केलं. आजी ताटं वाढता वाढता म्हणाली, "फूलय जाय, पानांय जाय. पानां नासल्यार फूल खंयच्यान येतलें?" फूल हवं, पानंही हवीत, पानं नसली तर फूल येणार कुठून? वेलावर आयुष्य काढलेल्या बाईचं बोलणं. कुणी ऐकलं नाही.

निकाल लागला: वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. ३४,०२१ मतांचा फरक. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. काकांच्या मित्रांनी वाड्यावर फटाके लावले. काकांनी स्वतः लावले नव्हते हे मला नंतर कळलं. बाबांनी ते कधी मानलं नाही. महिन्याभरात काकांनी चूल वेगळी केली आणि म्हार्दोळच्या बाजूला बिऱ्हाड केलं. मे महिन्यात काकी बियाणं मागायला आली. बाबांनी दाराआडून सांगितलं, "आमचं बी पानं लावणाऱ्यांच्या दारात नको." आणि आजीचं ते भांडं माळ्यावरून काढून पेटीत ठेवलं, कुलूप घातलं. काकी उंबऱ्यावरूनच परत गेली. मी तिथे उभा होतो. तिच्या हातात रिकामी वाटी होती. ती वाटी मला अजून दिसते.

चतुर्थीला मात्र काका यायचेच. गोव्यात गणपती मूळ घरी असतो. भाऊ कितीही वेगळे झाले तरी देवाला वेगळी चूल नसते. काका दोन दिवस सोप्यावर झोपायचे, आरतीला उभे राहायचे, पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. सगळं आजीमार्फत. "आई, त्याला सांग कापूर संपलाय." हे सगळं दोन हातांच्या अंतरावर उभे राहून. उजवा कोपरा रिकामा ठेवायचे. तिथे बाजारातला कोहळा बांधत. अशी १८ वर्षं गेली.

१९८५. पुन्हा अधिक श्रावण, पुन्हा उशिराची चतुर्थी. वाड्यावरच्या पोरांनी त्या वर्षी हौसेने माटोळी बघायला परीक्षक आणायचं ठरवलं होतं. बाबांनी मनावर घेतलं. निवृत्त झालेले, सगळा वेळ वेलाला. ऑगस्टअखेर दुदी अशी झाली की मला दोन्ही हातांच्या मिठीत मावेना. दोन माणसांनी झोळीत घालून काट्यावर नेली. २७ किलो! व्यापारी म्हणाला, मास्तर, माझ्या काट्याने एवढी दुदी बघितली नाही. बाबा घरी येईपर्यंत रस्त्यात दहा ठिकाणी थांबले.

चौकटीला बांधायची वेळ आली. बाबांनी केवणीचा तिपेडी दोर देठाला आवळला. काका सोप्यावरून बघत होते. ते आजीला म्हणाले, "आई, त्याका सांग, देंठाक बांदूं नाका, शिकें कर." म्हणजे देठाला बांधू नको, शिंकं करून त्यात ठेव. सल्ला बरोबर होता. तोडलेल्या दुदीचा देठ चार दिवसांत सुकून आकसतो. आजीने निरोप दिला. बाबांनी ऐकलं. आणि दोर आणखी एक पीळ देऊन देठालाच बांधला.

चतुर्थीच्या रात्री दीड-दोनच्या सुमाराला धडाम्‌ आवाज झाला. मला वाटलं वासा पडला. धावत गेलो तर काका आधीच बॅटरी घेऊन देवासमोर उभे. दुदी चौरंगापुढे फुटून चारी बाजूंना उडालेली. समई आडवी, तेल सांडलेलं, आरतीचं ताट पार उंबऱ्याशी. मूर्तीपासून एक हात अंतर, जास्त नाही. मूर्तीला ओरखडा नाही. बाबा दारात आले आणि तिथेच बसले. थरथरत होते. एका हाताचं अंतर काय असतं हे त्यांना कळलं होतं.

काकांनी समई उभी केली, वात लावली. मग बाबांजवळ गेले, दंडाला धरून उठवलं आणि १८ वर्षांनी सरळ त्यांना म्हणाले, "ऊठ. देवाक कांय जावंक ना."

बाबा म्हणाले, "तुवें सांगिल्लें."

"सांगिल्लें," काका म्हणाले, आणि खाली बसून बिया गोळा करायला लागले. बाबाही बसले. दोघे म्हातारे होऊ घातलेले भाऊ रात्री दोन वाजता केशरी गरात हात घालून बिया वेचताहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आवाजाने शेजारपाजार जमला होता. पेडण्याहून आत्या आली होती, ती उठली. काकी होती. आजीला सगळे ऐंशीच्या घरातली म्हणायचे, पण तिची नजर शाबूत. तिने सूप मागवलं. बिया सुपात पडल्या. मग एक एक मूठ करून तिने तिथल्या तिथे वाटायला सुरुवात केली. शेजारणीला एक मूठ, आत्याला एक. काकीला बोलावलं आणि दोन मुठी घातल्या, "एक तेन्नाची." एक त्या वेळची, राहिलेली. बाबा काही बोलले नाहीत. पेटीची किल्ली जानव्याला असायची, त्या रात्री ती त्यांनी सोडून आजीच्या हातात दिली. आजी एवढंच म्हणाली, "देवान वांटो केलो."

सकाळी परीक्षक आले तेव्हा डाव्या कोपऱ्यात नुसता दोर लोंबत होता. नंबर दुसऱ्या घरी गेला. पंचमीच्या खतखत्यात सगळ्या वाड्याने ती दुदी खाल्ली. बाबा म्हणाले, थोडी पाणचट आहे. मोठी दुदी पाणचटच असते, हे सगळ्यांना माहीत होतं, पण बाबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्याच वर्षी राजभाषेचं आंदोलन पेटलं. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा झाला, ३० मेला गोवा घटकराज्य झालं. भाऊ पुन्हा दोन बाजूंना, आवाज पुन्हा चढले. पण या वेळी तोंडावर बोलले आणि एका पंगतीत जेवले. मतं कुणाचीच बदलली नाहीत. आमच्या गोव्यातल्या मराठी घरांत असं असतं, बाहेरच्यांना चटकन कळत नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्यांच्याच सांगितल्या तर बरं दिसत नाही. आजी गेली, १९९१ला बाबा गेले. मी नोकरीसाठी बाहेर. मूळ घरी चुलीच्या जागी गॅस आला, धूर गेला. बियाणं मी प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून ठेवलं, शहाणपणाने. दोन पावसाळ्यांत बुरशी धरली. एक बी रुजलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या माटोळीला बेळगावहून आलेली बाजारची दुदी. चतुर्थीआधी फोंडा, डिचोली, म्हापसा इथे माटोळीचा बाजार भरतो, तिथे सगळं मिळतं. पैसे टाकायचे, पिशवी भरायची. कुणाला सांगितलंही नाही की बी गेलं. लाज वाटायची.

२००४. परत अधिक श्रावण. मे महिन्यात काकी दारात आली. काका तेव्हा नव्हते. हातात तीच वाटी असेल असं म्हणणार नाही, पण वाटीच होती. राखेत घोळवलेलं बियाणं. म्हणाली, "तुझ्याकडली दुदी बाजारची असते, मला दिसतं रे. मी काही आंधळी नाही." मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललीस? म्हणाली, "तू मागशील म्हणून वाट बघत होते. मग म्हटलं, मागायला गेलं की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे."

मला काही बोलता आलं नाही.

त्या रात्रीच्या मुठी कुठे कुठे गेल्या ते तिनेच सांगितलं. तिच्या माहेरी डिचोली तालुक्यात दिलेलं बी काही वर्षं उत्तम चाललं. मग वरच्या खाणीची लाल माती पावसाबरोबर मळ्यात उतरली, विहीर गढूळ झाली, आणि मळा सुटला. तिथला वेल गेला. शेजारणीचा गेला, घर विकलं. काकीचा राहिला आणि आत्याचा पेडण्यात राहिला. आत्याची सून आजही लावते. पुलाआधी बेतीची फेरी धरून ज्या आत्याला यायला अख्खा दिवस लागायचा, तिच्याकडे बी सुखरूप आणि उकिरड्याशेजारच्या आमच्या घरी नाही!

आता कला आणि संस्कृती संचालनालय राज्यभर माटोळी स्पर्धा घेतं. चांगली गोष्ट आहे. फोंडा तालुक्यातली घरं त्यात हिरिरीने उतरतात. तिथे वजनाला मान नाही, प्रकारांना आहे. शेकड्यांनी फळं, शेंगा, औषधी वनस्पती नावांच्या चिठ्ठ्या लावून बांधतात. नव्या पोरांना झाडं ओळखता येतात, हा मोठा फायदा. मात्र नंबरासाठी दुर्मीळ वेली रानातून ओरबाडू नका, असं जाणती माणसं सांगतात तेही ऐकायला हवं. बाबांनी नंबरासाठी देठ आवळला होता, म्हणून मला ते लवकर पटतं.

२०२३ला अधिक श्रावण आला तेव्हा चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मी काकीच्या बियाची दुदी लावली. जूनमध्ये छत्री धरून नातवाने पराग घातला, मी फक्त सांगत होतो. १४ किलो भरली. शिंक्यात ठेवली, देठाला बांधली नाही. उजव्या कोपऱ्यात पेडण्याहून आलेली दुदी होती, ती १६ किलोंची. नातवाला वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, दोन्ही एकाच सुपातल्या आहेत.

काकी आता नाही. पण तिची पद्धत मी चालू ठेवलीय. बी राखेत, मातीच्या मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. आमच्या घरातल्या चार डब्यांत नाही, चार घरांत ठेवलेलं. कुणाला हवं असेल तर खाली लिहा, पाकिटातून धाडतो. पैसे नकोत. एकच अट: फळ धरलं की त्यातल्या दोन मुठी दुसऱ्या दोघांना द्यायच्या, आणि त्यातला एक तरी असा हवा ज्याच्याशी तुमचं सध्या बोलणं नाही.

आणि हो, शिंकं करा. देठाला बांधू नका.